डेट्रॉइटची जागा कोणाची? अमेरिकेतील वंश, मतदारसंघ आणि प्रतिनिधित्व

एका वाचकाने विचारले आहे : चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली डेट्रॉइटमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. आपल्याकडे त्याचे कौतुक झाले, तिथल्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी मात्र नाराजी उघड बोलून दाखवली. अमेरिकेत राखीव मतदारसंघ नाहीत, मग एखादी जागा अमुक समाजाची होती आणि ती गेली, असे म्हणायला काही आधार आहे का?

आधार आहे, पण आपण जिथे शोधतो तिथे तो सापडत नाही. गेली बावीस वर्षे मी अमेरिकेत मतदारसंघांच्या पुनर्रचनेचे काम करते आहे. सुरुवातीला नकाशे आखणाऱ्यांच्या चमूत होते आणि नंतरचा बहुतेक काळ त्या नकाशांची न्यायालयात उलटतपासणी करणाऱ्या वकिलांना आकडेवारी पुरवण्यात गेला. या कामात पहिली गोष्ट कळते ती अशी की तिथल्या मताधिकार कायद्याला निवडून आलेल्या माणसाच्या वर्णाशी कर्तव्य नसते. एखाद्या वांशिक समाजातील मतदारांना आपल्या पसंतीचा उमेदवार निवडून आणण्याची संधी इतरांच्या बरोबरीने मिळते की नाही, एवढेच तो विचारतो.

मराठी वाचकाला हा फरक पुणे कराराच्या संदर्भात चटकन कळेल. १९३२ च्या त्या करारातून आलेल्या आपल्या पद्धतीत राखीव मतदारसंघात उमेदवार कोणत्या समाजाचा असावा हे ठरलेले असते, मतदान मात्र सगळे करतात. डॉ. आंबेडकरांची शंका नेमकी इथेच होती : उमेदवार आपला असला तरी त्याला निवडणारे बहुसंख्य दुसरेच असतील, तर तो कोणाच्या तोंडाकडे पाहील? अमेरिकी पद्धत याच्या बरोबर उलट आहे. तिथे उमेदवार कोणीही असू शकतो. विचार होतो तो मतदारसंघात कोणते मतदार किती आहेत याचा. टेनेसीतील मेम्फिसच्या मतदारसंघात कृष्णवर्णीय बहुसंख्य असताना २००६ साली तिथून स्टीव्ह कोहेन हे गोरे ज्यू गृहस्थ निवडून आले आणि पुढच्या प्रायमरींमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकांमध्ये, कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांना त्यांनी मोठ्या फरकाने हरवले. कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीही बिघडले नाही, कारण मेम्फिसच्या कृष्णवर्णीयांना तेच हवे होते. डेट्रॉइटचे प्रकरण वेगळे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती १८७० ची. वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे ती सांगते, आणि त्याच वर्षी मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये व साउथ कॅरोलायनाचे जोसेफ रेनी प्रतिनिधिगृहात पोहोचले. पुढे दक्षिणेत साक्षरतेच्या परीक्षा, मतदान कर आणि उघड दहशत यांनी ती दुरुस्ती कागदावरच राहिली. १९०१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे जॉर्ज हेन्री व्हाइट सभागृहातून बाहेर पडले. त्यानंतर १९२९ पर्यंत अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता, आणि दक्षिणेतून पुढचा सदस्य यायला १९७३ उजाडले. १९६५ च्या मार्चमध्ये अलाबामातील सेल्माच्या पुलावर मताधिकार मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांवर लाठ्या चालल्या आणि ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी सुमारे ७ टक्क्यांवरून दोन वर्षांत ६० टक्क्यांच्या आसपास गेली.

मत मिळाले, पण मताला वजन मिळालेच असे नाही. अलाबामातील टस्कीगी शहराने १९५७ मध्येच वाट दाखवून दिली होती. चौकोनी हद्दीच्या जागी २८ बाजूंची हद्द आखून शहरातील सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळे शहराबाहेर काढले गेले, गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्याच राज्यातील मोबील शहराची युक्ती अधिक शांत होती. तिथे प्रभागच नव्हते. शहराचा कारभार पाहणारे तीनही आयुक्त संपूर्ण शहरातून निवडले जात. लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक असूनही कृष्णवर्णीयांचा एकही माणूस कधी निवडून आला नव्हता, कारण गोरे मतदार तिन्ही जागांवर एकगठ्ठा मतदान करत. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परिणाम काहीही असो, भेदभावाचा हेतू सिद्ध करा. हेतू कोण लिहून ठेवतो? १९८२ मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त केला आणि परिणाम दाखवला तरी पुरे, अशी तरतूद केली. त्याच कलमाच्या शेवटी एक वाक्य घातले गेले, ज्याशिवाय ही दुरुस्ती मंजूरच झाली नसती : लोकसंख्येच्या प्रमाणात आपल्या समाजाचे सदस्य निवडून येण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही.

हे वाक्य आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते, पण सगळी गुंतागुंत त्याच्यातच आहे. प्रमाणशीर जागा मिळणार नाहीत, पण संधी बरोबरीची हवी. मग ती मोजायची कशी? १९८६ च्या नॉर्थ कॅरोलायनातील गिंगल्स खटल्यात न्यायालयाने तीन कसोट्या घालून दिल्या. समाज एका मतदारसंघात बहुसंख्य होण्याइतका मोठा व सलग वस्तीचा असावा, त्याचे मतदान बऱ्याच अंशी एका दिशेने होत असावे, आणि उरलेला बहुसंख्य समाज विरुद्ध दिशेने एकगठ्ठा मतदान करून त्याचा उमेदवार सहसा पाडत असावा.

दुसरी व तिसरी कसोटी हे माझे रोजचे काम. मतदान गुप्त असल्यामुळे कोणत्या वर्णाच्या माणसाने कोणाला मत दिले, हे थेट कळत नाही. म्हणून प्रत्येक मतदान केंद्राचा निकाल आणि त्या केंद्रावरील मतदारांचा वांशिक वाटा शेजारी शेजारी ठेवतात. आलेखाच्या आडव्या अक्षावर कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण, उभ्या अक्षावर एखाद्या उमेदवाराला पडलेली मते, आणि प्रत्येक केंद्राचा एक ठिपका. मतदान वंशावर अवलंबून नसते तेव्हा ठिपके पीठ सांडल्यासारखे पसरतात. दक्षिणेतील कित्येक काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ते डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात दोरी ताणल्यासारखे सरळ जातात. न्यायालयात पन्नास पानी अहवालाने जे काम होत नाही, ते कधीकधी हा एक आलेख करतो.

पहिल्या कसोटीसाठी जनगणनेचे आकडे लागतात, आणि तिथे वंश ही गोष्ट किती सरकारी आहे हे दिसते. भारतीयांचेच पाहा. १९२० ते १९४० च्या जनगणनांमध्ये ‘हिंदू’ हा वंश म्हणून नोंदवला जाई, मग माणूस शीख असो की मुसलमान. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत असे ठरवून त्यांना नागरिकत्व नाकारले. १९७० च्या जनगणनेत भारतीय चक्क गोऱ्यांमध्ये मोजले गेले आणि १९८० पासून ‘एशियन इंडियन’ या रकान्यात आले. माणसे तीच, रकाने बदलत गेले. लॅटिनो समाजाची अडचण आणखी निराळी. त्यांच्यात अठरा वर्षांखालील मुले आणि नागरिक नसलेले रहिवासी यांचे प्रमाण जास्त असल्यामुळे लोकसंख्येत निम्मे असलेला मतदारसंघ मतदारयादीत निम्म्याहून बराच खाली असू शकतो. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या नकाशांत हा फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो.

आखणी प्रत्यक्षात कशी होते, तेही सांगते. पडद्यावर राज्याचा नकाशा असतो. जनगणनेच्या सर्वांत लहान तुकड्याला ब्लॉक म्हणतात. शहरात तो साधारण चार रस्त्यांमधला भाग असतो. त्या तुकड्यावर टिचकी मारली की तो एका रंगातून दुसऱ्या रंगात जातो आणि बाजूच्या तक्त्यातले आकडे लगेच बदलतात : एकूण लोकसंख्या, मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय, मागच्या निवडणुकीत कोणत्या पक्षाला किती मते. अशा चाळीस-पन्नास टिचक्यांत ५३ टक्क्यांचा मतदारसंघ ४६ टक्क्यांचा होतो. एखाद्या समाजाचा जोर मोडायचा तर दोनच रीती आहेत : त्याची वस्ती तीन-चार मतदारसंघांत फोडायची, नाहीतर सगळी एकातच कोंबून बाकीच्यांतून हद्दपार करायची. पहिल्या रीतीने त्याला एकही जागा मिळत नाही आणि दुसऱ्या रीतीने एकच, तीही ८० टक्क्यांनी, जिथे बरीच मते वायाच जातात.

या अतिरेकांच्या मधली वाट शोधताना न्यायालयाची भूमिका बदलत गेली. १९९० च्या जनगणनेनंतर दक्षिणेत कृष्णवर्णीय बहुसंख्येचे बरेच नवे मतदारसंघ आखले गेले आणि १९९२ च्या निवडणुकीत अलाबामा, फ्लोरिडा, व्हर्जिनिया व दोन्ही कॅरोलायना यांनी कित्येक दशकांत प्रथमच कृष्णवर्णीय सदस्य पाठवले. पण नॉर्थ कॅरोलायनाचा बारावा मतदारसंघ सुमारे १६० मैल लांब होता आणि काही ठिकाणी महामार्गाच्या रुंदीएवढाच उरला होता. १९९३ मध्ये शॉ खटल्यात न्यायालयाने बजावले की केवळ वंशाच्या आधारे आखलेली असली आकृती समान संरक्षणाच्या तत्त्वाला बाधक ठरू शकते. म्हणजे वंशाकडे पाहिले नाही तर मताधिकार कायदा मोडतो, आणि जास्त पाहिले तर घटना मोडते. आम्ही या चिंचोळ्या पट्टीवर चालतो.

त्यात २०१९ मध्ये आणखी एक पेच आला. पक्षीय फायद्यासाठी केलेली वेडीवाकडी आखणी हा संघराज्यीय न्यायालयांचा विषय नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रुचो खटल्यात ठरवले. दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदार बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात, त्यामुळे ज्याने वस्ती फोडली तो न्यायालयात येऊन सांगतो की आम्ही कृष्णवर्णीयांना नव्हे, डेमोक्रॅट मतदारांना फोडले. तक्त्यात दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी असतात आणि एकाला हात लावला की दुसरा हलतोच. माझे मत विचाराल तर आजच्या वादांतील सर्वांत मोठी पळवाट हीच आहे. २०१३ च्या शेल्बी काउंटी निकालाने जुन्या भेदभावाच्या राज्यांवरची, निवडणुकीचे नियम वा नकाशे बदलण्याआधी केंद्राची परवानगी घेण्याची अट निष्प्रभ केली, त्याचीही झळ मोठी बसली; कारण तोवर असा नकाशा अमलात येण्यापूर्वीच अडायचा, आता तो वापरला जातो आणि खटला वर्षानुवर्षे मागून धावतो.

अलाबामाचे अलीकडचे उदाहरण या सगळ्याचा कस पाहणारे आहे. राज्यात कृष्णवर्णीय सुमारे २७ टक्के, जागा सात, आणि त्यांच्या बहुसंख्येची जागा एक. राज्याच्या मधोमध काळ्या मातीचा सुपीक पट्टा आहे, जिथे कापसाचे मळे होते आणि गुलाम राबत. त्यांचे वंशज आजही तिथेच राहतात. तो पट्टा नकाशात चार तुकड्यांत वाटला गेला होता. राज्याने बचावात सांगितले की आखाताच्या किनाऱ्यावरील दोन काउंट्या एकत्र ठेवायच्या होत्या, कारण तिथे फ्रेंच आणि स्पॅनिश वारसा आहे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी नकाशा अमान्य करणारा खालचा निर्णय कायम केला आणि निकालपत्र सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिले, ज्यांनी शेल्बी निकालही लिहिला होता. विधिमंडळाने तरीही दुसरा मतदारसंघ ४० टक्क्यांच्या आसपासच आखला. अखेर न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाने ते प्रमाण वाढवून निम्म्याहून किंचित कमी एवढे ठेवले आणि २०२४ मध्ये तिथून शोमारी फिगर्स निवडून आले. अलाबामाचे दोन कृष्णवर्णीय सदस्य एकाच वेळी सभागृहात बसण्याची ही पहिलीच वेळ होती.

आता डेट्रॉइट. १९५५ च्या जानेवारीत चार्ल्स डिग्ज सभागृहात गेले, त्यानंतर जॉन कॉनियर्स १९६५ पासून २०१७ पर्यंत होते, आणि या शहराला जवळजवळ अडुसष्ट वर्षे सतत किमान एक कृष्णवर्णीय सदस्य होता. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,३९,१११ भरली; १९५० मध्ये ती साडेअठरा लाखांच्या घरात होती. मिशिगनची एक जागा कमी होऊन १३ उरल्या आणि प्रत्येक मतदारसंघात सुमारे ७,७५,००० लोक हवे होते, म्हणजे संपूर्ण डेट्रॉइट धरले तरी एक मतदारसंघ पुरता भरत नाही. शहरात कृष्णवर्णीय तीन चतुर्थांशांहून अधिक असूनही त्याला उपनगरे जोडावी लागणारच होती. किती आणि कोणती, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न यावेळी पुढाऱ्यांच्या हाती नव्हता. २०१८ च्या सार्वमताने मिशिगनने नागरिकांचा स्वतंत्र आयोग नेमला : तेरा सदस्य, चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कोणत्याही पक्षाचे नसलेले, आणि निवड सोडतीने. मला हा प्रयोग मनापासून आवडला होता आणि अजूनही आवडतो. पण आयोगाच्या सल्लागारांनी सांगितले की कृष्णवर्णीयांचे प्रमाण ३५ ते ४५ टक्के ठेवले तरी त्यांच्या पसंतीचा उमेदवार निवडून येईल, कारण या भागात गोरे मतदारही डेमोक्रॅटिक पक्षाला भरपूर मते देतात. मग शहराच्या उत्तर सीमेवरील एट माइल रोड ओलांडून मतदारसंघ चाकाच्या आऱ्यांसारखे उपनगरांत नेण्यात आले. राज्याच्या विधिमंडळाच्या नकाशांत हे फार ठळक होते, पण काँग्रेसच्या दोन्ही डेट्रॉइट मतदारसंघांतही कृष्णवर्णीय निम्म्याच्या खाली आले.

चूक कुठे झाली, ते ओळखायला मला वेळ लागला नाही, कारण तीच चूक मी तरुणपणी एका काउंटीच्या अहवालात केली होती आणि उलटतपासणीत घाम फुटला होता. सल्लागारांनी सार्वत्रिक निवडणुकांचे आकडे पाहिले. डेट्रॉइटमध्ये सार्वत्रिक निवडणूक ही औपचारिकता असते. ऑगस्टची डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की जागा जिंकली. नोव्हेंबरमध्ये कृष्णवर्णीय आणि उपनगरातले गोरे एकाच चिन्हावर मत देतात, पण प्रायमरीत त्यांची पसंती सारखी असतेच असे नाही, आणि तेव्हाचा आकडा कोणी नीट पाहिलाच नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघराज्यीय पीठाने डेट्रॉइट परिसरातील विधिमंडळाचे तेरा मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले, कारण तिथे वंशाचे प्रमाण ठरवून रेषा ओढल्या गेल्या होत्या. काँग्रेसचा नकाशा त्या निकालात नव्हता.

ठाणेदार ज्या तेराव्या मतदारसंघातून लढले, तिथल्या २०२२ च्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय. शहरातील पुढाऱ्यांनी एकाच उमेदवारामागे सगळ्यांना उभे करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. ठाणेदारांनी स्वतःचे लक्षावधी डॉलर प्रचारात घातले आणि सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते. सर्वाधिक मते मिळाली की पुरे. तेव्हा नाराजी होती ती तीन गोष्टींची मिळून : निम्म्याखाली आणलेला मतदारसंघ, फुटलेली मते आणि पैशाचा जोर. यांतली पहिलीच कायद्याच्या कक्षेत येते. बाकीच्या दोन राजकारणाच्या आहेत आणि त्यांचा दोष नकाशावर घालणे बरोबर होणार नाही. मराठी माणूस निवडून आला म्हणून कृष्णवर्णीयांना राग आला, हा आपल्याकडचा अर्थ तर अगदीच उथळ आहे. ठाणेदार २०२० मध्ये डेट्रॉइटमधूनच राज्याच्या विधिमंडळात गेले होते आणि २०२४ मध्ये प्रायमरी पुन्हा जिंकले, म्हणजे त्यांना कृष्णवर्णीयांची मतेही मिळत होती. मेम्फिसच्या कोहेन यांच्याइतकी निर्विवाद पसंती २०२२ मध्ये त्यांच्या वाट्याला आली होती का, एवढाच फरकाचा मुद्दा आहे, आणि २८ टक्क्यांवरून तसे म्हणता येत नाही.

कोणी म्हणेल, मग प्रमाण ५५-६० टक्के करून टाकावे. त्याची किंमत असते. एका मतदारसंघात अधिक कृष्णवर्णीय मतदार घ्यायचे म्हणजे शेजारच्यातून काढायचे, आणि शेजारच्या सदस्याला त्यांच्या प्रश्नांकडे पाहण्याचे कारण उरत नाही. १९९० च्या दशकात दक्षिणेतील कृष्णवर्णीय पुढारी आणि रिपब्लिकन पक्ष यांनी एकाच नकाशाला पाठिंबा दिल्याचे प्रसंग आहेत; दोघांनाही आपापले गणित कळत होते. सिनेट आणि राज्यपालपदासाठी तर रेषांचा उपयोगच नाही, कारण तिथे संपूर्ण राज्य हाच मतदारसंघ असतो. व्हर्जिनियात १९८९ मध्ये डग्लस वाइल्डर निवडून येईपर्यंत अमेरिकेत एकही कृष्णवर्णीय राज्यपाल मतदानाने झालेला नव्हता, ही गोष्ट मतदारसंघांच्या आखणीचे महत्त्व उलट बाजूने दाखवते.

रेषांवाचून हा प्रश्न सोडवण्याची एक रीत आहे आणि तिचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. १९८८ साली अलाबामातील चिल्टन काउंटीने एका तडजोडीत सात सदस्यांच्या मंडळासाठी सगळी काउंटी एकच मतदारसंघ ठेवली, प्रत्येक मतदाराला सात मते दिली आणि ती सातही एकाच उमेदवाराला देण्याची मुभा ठेवली. लोकसंख्येत थोडक्या असलेल्या कृष्णवर्णीयांनी मते एकवटून आपला सदस्य निवडून आणला. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत बहुसदस्यीय मतदारसंघांमध्ये हीच पद्धत होती, आणि डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला तिचा लाभ झाला. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहासाठी मात्र १९६७ च्या कायद्याने एका मतदारसंघातून एकच सदस्य सक्तीचा केला आहे. तो कायदा आहे तोवर डेट्रॉइटच्या एट माइल रोडवर २०३० च्या जनगणनेनंतर पुन्हा कोणाला तरी टिचक्या मारत बसावे लागेल, आणि माझी विनंती एवढीच की त्यांनी आधी ऑगस्टचे आकडे उघडावेत.